नवजीवन उलटे वाचता येते का?



बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून एकच संभाषण ऐकू येते. "काय घेतलं?" "कॉम्प्युटर." एवढे उत्तर मिळाले की विचारणाऱ्याचे समाधान होते, सांगणाऱ्याची मान ताठ होते आणि पेढा पुढे येतो. कॉम्प्युटरबरोबर आणखी काय घेतले, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नसते. पण २०२४ च्या जून महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या घरी याच दुसऱ्या प्रश्नावरून दोन दिवस चूल थंड राहण्याची वेळ आली, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

भाऊ नालासोपाऱ्याला राहतो. गेली वीस वर्षे पहाटेची विरार गाडी धरून तो अंधेरीला कारखान्यात जातो. थोरली मुलगी बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली आणि वसई तालुक्यातल्याच एका महाविद्यालयात तिला संगणकशास्त्राला प्रवेश मिळाला. पतपेढीचे कर्ज काढून लॅपटॉप घेतला. सारे सुरळीत चालले असताना माझ्या फोनवर भावाचा आवाज आला, "ताई, तू ये आणि हिला समजाव. माझं ऐकत नाही."

मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून नवी पद्धत आली आहे. मुख्य विषय एक असतो, पण त्याबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतलाही विषय घ्यावा लागतो. म्हणजे विज्ञानाच्या मुलाने कला किंवा वाणिज्य शाखेतले काहीतरी शिकायचे. त्या रकान्यात बरोबरीच्या मुलींनी गुण सहज मिळतात म्हणून वाणिज्याचा एक विषय लिहिला होता. आमच्या पोरीने लिहिला इतिहास. भाषेचा विषय म्हणून वर मराठीही घेतली.

भाऊ संतापला होता. पण त्याच्या बोलण्यात नुसता संताप नव्हता, ते मी ऐकले तसे सांगते. "ताई, इतिहास आपल्याला कुणी शिकवायची गरज आहे का? सगळा अंगावरून गेलाय आपल्या. माझा बाप गावाच्या वेशीबाहेर राहिला, मी लोकलच्या दरवाज्यात लटकलो. पोरीनं आता पुढचं बघावं. हप्ता मी भरतोय, तो काय तिनं जुने दगड मोजावेत म्हणून?"

यावर काय बोलणार? खरे सांगायचे तर मी मनाने त्याच्याच बाजूची होते. मी प्राथमिक शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवली. अ आ इ ई, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे. निवृत्त झाले तेव्हा मनात एक खंत होती, की आपण जे शिकवले त्याने कोणाच्या घरी चार पैसे जास्त आले नाहीत. म्हणून मीही पोरीला म्हणाले, "बाळा, इतिहास घरी वाच. कॉलेजात कामाचं काहीतरी घे."

ती म्हणाली, "आत्या, कॉम्प्युटर म्हणजे सांगकाम्या आहे. त्याला सांगायचं काय, ते कॉम्प्युटरच्या पुस्तकात नसतं ना." तेव्हा मला ते शब्द पोरकट वाटले. अखेर तिच्या आईनेच मध्ये पडून अर्ज भरू दिला. भाऊ आठवडाभर पोरीशी बोलला नाही.

मग सप्टेंबरातली एक रात्र. मी मुक्कामाला तिथेच होते. पोर लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आत्या, नवजीवन हा शब्द उलटा वाचला तर काय होतं?"

मी म्हटले, "नवजीवनच. न, व, जी, व, न. हे मी दुसरीतल्या पोरांना खेळायला द्यायची. रामाला भाला मारा, तेही तसंच."

"मग हा कॉम्प्युटर नाही का म्हणतो?"

त्यांना वर्गात एक धडा दिला होता. दिलेला शब्द उलटसुलट वाचला तरी तोच राहतो का, हे ओळखणारा प्रोग्राम लिहायचा. प्रोग्राम शिकणाऱ्याला सुरुवातीला हा धडा हटकून असतो. इंग्रजीतला 'मॅडम' शब्द घातला, एम ए डी ए एम, तर बरोबर उत्तर येते. सगळ्या वर्गाचे आले. पण आमच्या पोरीने घरी येऊन मराठी शब्द घातला आणि कॉम्प्युटरने 'नाही' म्हणून सांगितले. शब्द उलटा करून दाखव म्हटले तर पडद्यावर आले 'नवीजवन'. 'रामाला' उलटे करायला सांगितले तर पहिलाच काना अक्षराविना एकटा उभा, आणि त्याच्या शेजारी ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ. असे वर्तुळ तुम्हीही कधी मोबाइलवर पाहिले असेल.

चूक कोणाची? पोरीची नव्हती, यंत्राचीही नव्हती. आपल्या कानाला आणि डोळ्याला 'जी' हे एक अक्षर आहे. यंत्राच्या पोटात मात्र ते दोन तुकडे आहेत, ज वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक दिलेला असतो. क चा क्रमांक २३२५, ल चा २३५४. म्हणून 'नवजीवन' आपल्याला पाच अक्षरांचा, यंत्राला सहा तुकड्यांचा. 'विद्यार्थी' हा शब्द आपण तीन अक्षरांत म्हणतो, वि, द्या, र्थी. यंत्रात त्याचे दहा तुकडे भरतात, कारण जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूणसुद्धा वेगळी मोजली जाते. ते तुकडे एकेक करून उलटे लावले, की वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते.

पोरीने विचारले, "मग अक्षर संपलं हे ओळखायचं कसं?" आणि वाचकहो, मी पाटी-खडू घेऊन बसावे तशी बसले. व्यंजन आले की नवे अक्षर सुरू. त्यामागून काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आला तर तो त्याच अक्षराचा. पाय मोडला असेल तर पुढचे व्यंजनही त्याच अक्षरात घ्यायचे. शब्दाच्या शेवटी पाय मोडला असेल तर तिथेच थांबायचे. स्वर एकटा आला तर तो स्वतःच एक अक्षर. ३१ वर्षे जे शिकवले तेच मी सांगत होते, आणि ती एकेका नियमाची एकेक ओळ प्रोग्राममध्ये लिहीत होती. आधी तुकड्यांची अक्षरे बांधायची आणि मग अक्षरे उलटी लावायची. रात्री साडेअकराला तिने पुन्हा 'नवजीवन' घातले आणि यंत्र 'हो' म्हणाले. आमची आई, म्हणजे पोरीची आजी, जागीच होती. ती उतारवयात प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली. तिने पडद्यावर बोट ठेवून शब्द उजवीकडून डावीकडे वाचला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी जागलात व्हय?"

त्या रात्री माझ्या मनातली खंत थोडी उतरली, हे कबूल करते. जे मी बिनकामाचे समजत होते, ते त्या यंत्राला ठाऊक नव्हते. कोणीतरी ते सांगणे भाग होते.

इथे थोडी मागची हकिकत सांगते. १९९० च्या आसपास छापखान्यांत डीटीपी आले तेव्हा प्रत्येक कंपनीचा मराठी टाइप वेगळा होता. कोणी क एका जागी ठेवी, कोणी दुसऱ्या. एका यंत्रावर टंकलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. त्या काळातले कितीतरी लिखाण असेच पडून आहे. टाइप मिळत नाही, म्हणून वाचता येत नाही. हा घोळ मिटावा म्हणून भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे प्रमाण ठरले. त्याचा आराखडा १९८८ चा, सुधारित रूप १९९१ चे. पुण्याची सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ साली निघाली आणि भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे मोठे काम तिने केले. १९९१ मध्येच युनिकोड हे जगभरच्या लिप्यांचे प्रमाण आले आणि त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली गेली. आज तुमच्या-माझ्या मोबाइलवर मराठी संदेश येतो-जातो तो त्यामुळे.

पण सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा लावताना ळ हे अक्षर ल च्या शेजारी बसवले गेले. आपण शाळेत म्हणतो, "श ष स ह ळ क्ष ज्ञ." आपला ळ ह च्या नंतर येतो. यंत्रात मात्र ल २३५४, ळ २३५५, व २३५७ आणि ह २३६१. याचा फटका कसा बसतो, ते आमच्या विहारातल्या वाचनालयात कळले.

वाचनालयाची वही जुनी झाली होती. सभासदांची आणि पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले आणि काम पोरीकडे आले. तिने सगळी नावे भरली, अकारविल्हे लावण्याचा हुकूम दिला आणि छापलेले कागद ग्रंथपाल आजोबांच्या हाती ठेवले. आजोबांनी चष्मा वर केला. "हे काय? काळे आधी आणि कावळे, काशीद, कासारे मागून? आणि क्षीरसागर क मध्ये कशाला शिरले?" पोर गोंधळली. यंत्राने तर क्रमांकाप्रमाणे बिनचूक लावले होते! ळ चा क्रमांक व च्या आधीचा, म्हणून काळे वर. क्ष म्हणजे यंत्राच्या लेखी क, पायमोडीची खूण आणि ष, म्हणून क्षीरसागर क च्या घरात. आजोबांच्या वहीत मात्र क्ष आणि ज्ञ शेवटी होते आणि काळे कासारेंच्या नंतर.

त्याहून अवघड गाठ अनुस्वाराची. कांबळे कुठे बसवायचे? यंत्राने ते काकडेच्याही आधी नेऊन ठेवले होते. कोणी अनुस्वार सर्वांत आधी घेतो, कोणी बाराखडीतल्या अं-अः प्रमाणे शेवटी घेतो, तर कोणी त्याला अर्धा म समजून म च्या जागी ठेवतो. शब्दकोशांतही सगळीकडे एक रीत नाही. इथे यंत्र काही ठरवू शकत नाही. ज्यांना यादी वापरायची आहे त्यांनी ठरवायचे. आजोबा, मी आणि पोर अशी आमची तिघांची त्यावर अर्धा तास सभा झाली. जुन्या वहीत अनुस्वाराला अर्धा म धरला होता, तीच रीत कायम केली. मग पोरीने आपल्या क्रमाचा तक्ता करून यंत्राला दिला. आता यादी भिंतीवर लागली आहे आणि म्हाताऱ्या माणसांनाही नाव पटकन सापडते.

इतिहासाचे काय झाले, ते आता सांगते. दुसऱ्या सत्रात प्रकल्प करायचा होता. नालासोपाऱ्याची पोर, तिने सोपाराच घेतला. बुद्ध पौर्णिमेला आपण सगळे तिथल्या स्तूपावर जातो, मेणबत्ती लावतो, वंदना घेतो आणि परत येतो. तिथे काय सापडले, कोणी शोधले, हे आमच्या घरात धडपणे एकालाही सांगता येत नव्हते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या टेकाडात खोदकाम केले. आत दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे, आठ छोट्या बुद्धमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच भुईगावला सापडला.

लेख ब्राह्मी लिपीतले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने या लिपीचे वाचन पूर्णत्वाला नेले आणि २०१० मध्ये युनिकोडमध्ये ब्राह्मीलाही क्रमांक मिळाले. म्हणजे अशोकाची अक्षरे आज घरच्या लॅपटॉपवर टंकता येतात! ब्राह्मीची रीतही आपल्यासारखीच. व्यंजनाला स्वराची खूण जोडायची, जोडाक्षर एकाखाली एक लिहायचे. पोरीच्या ध्यानात आले, की 'नवजीवन'साठी लिहिलेला प्रोग्राम इथेही चालेल, फक्त क्रमांकांचा तक्ता बदलायचा. तिने छापील पुस्तकांतून लेखांचा मजकूर घेतला, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले आणि रंगीत आलेख काढून इतिहासाच्या प्राध्यापकांपुढे ठेवला.

त्यांनी आलेख पाहिला आणि विचारले, "छान आहे. पण मोजून काय कळलं?"

पोर निरुत्तर झाली. घरी येऊन रडली. भावाला आयतेच सापडले. "बघ, मी सांगत होतो." पण दोन दिवसांनी ती पुन्हा प्राध्यापकांकडे गेली आणि त्यांनी तिला वाट दाखवली. अशोकाचा एकच मजकूर वेगवेगळ्या प्रांतांत कोरलेला आहे. गुजरातेतल्या गिरनारची प्रत आणि ओरिसातल्या धौलीची प्रत शेजारी ठेव आणि फक्त र आणि ल मोज. तिने मोजले. गिरनारला 'राजा' आहे, तिथे धौलीला 'लाजा' आहे. पूर्वेकडच्या त्या प्रतीत र च्या जागी ल येत जातो. राजा एक, आज्ञा एक, पण ती लोकांपर्यंत पोचवताना बोली जागेप्रमाणे बदलली. आपले म्हणणे सामान्य माणसाला कळावे, याची त्या काळीही काळजी घेतली जात होती. आता त्या मोजणीला अर्थ आला. मोजायचे काम यंत्राचे, पण काय मोजायचे ते सांगायला इतिहास लागला. जूनमध्ये पोरीने जे अर्धवट शब्दांत सांगितले होते, ते मला मार्चमध्ये समजले.

असे काम करणारी आमची पोर पहिली नव्हे. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९४५ ते १९६२ गणिताचे काम करत होते. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी पालीचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. मुलाने वडिलांचा इतिहासही सोडला नाही आणि स्वतःचे गणितही सोडले नाही. नाणे हातोहात फिरले की झिजते आणि त्याचे वजन घटते. या साध्या गोष्टीवरून त्यांनी हजारो नाणी तोलली आणि संख्याशास्त्राने प्राचीन नाण्यांचा आगेमागेपणा लावला. नुसत्या इतिहासकाराला ते सुचले नसते आणि नुसत्या गणितीला त्याची गरज भासली नसती. पुढे त्याच संस्थेच्या मदतीने इरावतम् महादेवन् यांनी सिंधू लिपीच्या चिन्हांची संगणकीय सूची केली, ती १९७७ साली प्रसिद्ध झाली. आपल्या इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने सारे पाली तिपिटक संगणकावर आणले, त्यामुळे ते आज देवनागरीसह अनेक लिप्यांत वाचता येते. तिथेही पालीचे ज्ञान आणि संगणकाचे ज्ञान एकत्र यावे लागले.

आणि बाबासाहेब? १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याच्या जोडीला त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र घेतले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत मोजकी आणि घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे. एवढे विषय कशाला, असे कोणीही म्हणाले असते. पण ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्यासमोर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो दुसरा विषय घेतला नसता, तर तो निबंध त्या वर्गात वाचला गेला नसता. हे मी भावाला सांगितले तेव्हा तो गप्प बसला. पण पटले असे म्हणाला नाही.

कारण दुसरी बाजूही आहे, ती लपवून उपयोग नाही. पहिल्या सत्राच्या निकालात पोरीला गणितात ए.टी.के.टी. लागली. घरात पुन्हा आभाळ कोसळले. भाऊ म्हणाला, "झाला ना इतिहास?" पण पोरीने स्वतःच कबुली दिली. "पप्पा, इतिहासामुळे नाही. मला जे आवडत होतं तेच मी करत बसले आणि गणित उद्यावर टाकत गेले." मला तिचे हे बोलणे फार मोलाचे वाटले. दोन विषय घ्यायचे म्हणजे आवडीचा एक आणि नावडीचा दुसरा असे करून चालत नाही. पुढच्या परीक्षेत तिने गणित सोडवले, पण त्यासाठी दोन महिने ती रात्री बारापर्यंत वाचत होती. शिवाय इतिहासाचा तास आणि संगणकाचे प्रात्यक्षिक वेळापत्रकात एकाच वेळी आले, ते सुटायला पंधरा दिवस गेले. तोवर वही मैत्रिणीकडून उतरवून घ्यावी लागली. इतिहासाची पुस्तके शोधायला चर्चगेटपर्यंतच्या खेपा झाल्या, त्याही विरार लोकलच्या गर्दीतून. लॅपटॉप एक आणि धाकटा भाऊ दहावीत, त्यावरून भांडणे झाली ती निराळीच.

आणि नोकरीचे काय? हा प्रश्न भाऊ अजून विचारतो आणि त्याचा तो हक्क आहे. तो हप्ता भरतो. इतिहास घेतला म्हणून नोकरी मिळेल, असे मी कोणालाही सांगणार नाही. एवढे मात्र दिसते, की २०२२ च्या अखेरीपासून सांगितले तसा प्रोग्राम लिहून देणारी यंत्रे हाताशी आली आहेत. नुसता प्रोग्राम लिहिता येणे ही पूर्वीइतकी दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. यंत्राने दिलेली यादी बघून "काळे इथे कसे?" असे विचारणारा माणूस मात्र लागणारच. तो माणूस बँकेचा, शेतीचा, दवाखान्याचा किंवा भाषेचा, कशाचा तरी जाणकार असावा लागतो. कॉम्प्युटर शिकणाऱ्या आपल्या मुलांनी आणखी एका गोष्टीचे जाणकार व्हावे, एवढेच माझे सांगणे आहे.

आता ज्या घरांत प्रवेशाची धांदल आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली, अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन दुसऱ्या शाखेतले कोणते विषय खरोखर शिकवले जातात, त्यांची यादी मागा. कागदावर पर्याय पुष्कळ असतात, महाविद्यालयात निवडक मिळतात. दुसरी, श्रेयांकांचा हिशेब समजून घ्या. मराठीत श्रेयांक म्हणा की क्रेडिट म्हणा, दुसऱ्या विषयाचेही ते मोजले जातात, त्यामुळे त्यात नापास होणे परवडत नाही. तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स, ही रचनाही मुलांबरोबर बसून समजून घ्या. तिसरी, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आहे, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. चौथी, वेळापत्रक हातात आल्यावर दोन विषयांचे तास एकमेकांवर येत नाहीत ना, हे पहिल्याच आठवड्यात पाहा आणि येत असतील तर लगेच लेखी कळवा.

आणि पाचवी गोष्ट आयाबायांसाठी. मुलगी रात्री लॅपटॉपवर काय करते आहे, ते तिला विचारा. आपल्याला काय कळणार, म्हणून दूर बसू नका. मला कॉम्प्युटरमधले ओ की ठो कळत नव्हते, पण अक्षर कुठे संपते ते मला कळत होते. तुम्हालाही असे काहीतरी येत असेल. ओवी, गावाकडचा एखादा शब्द, बियाण्यांची नावे, गोधडीचे टाके. ते पुस्तकात नसते आणि यंत्रातही नसते.

गेल्या महिन्यात मी भावाकडे गेले होते. रात्रपाळी करून तो सकाळी आलेला, पोर कॉलेजला निघालेली. चपला घालताना त्याने तिला हटकले. मला वाटले, गणिताचेच विचारणार. तो म्हणाला, "त्या लाजा-राजाचं पुढे काय झालं गं?" तिची गाडी चुकायची वेळ झाली होती, तरी ती पाच मिनिटे उंबऱ्यात उभी राहून सांगत होती आणि हा डबा हातात धरून ऐकत होता.

जयभीम.